तिसरी ओळ

मंगळवारी संध्याकाळी सहाला, मॉन्ट्रोजच्या वाचनालयात,
रेडिएटरजवळची दोन टेबलं जोडून
आम्ही तर्कशास्त्र शिकतो.
म्हणजे मी शिकवते, फुकट.
बिस्किटं काउन्सिलची.
सातजण येतात. पाऊस असला की नऊ.
(उलटं खरं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं:
नऊ डोकी दिसली म्हणून बाहेर पाऊस असेलच असं नाही.
इथे मात्र असतो.)

फळ्यावर चार ओळींचा तक्ता.
एका खणात 'जर', दुसऱ्यात 'तर', तिसऱ्यात निकाल.
दोन्ही खरे, निकाल खरा. इथवर कुणाची तक्रार नाही.
'जर' खरा आणि 'तर' खोटा: निकाल खोटा. बरोबरच आहे,
शब्द दिला, पाळला नाही.
खालच्या दोन ओळींत 'जर'च खोटा
आणि निकाल दोन्हीकडे खरा.

इथे दरवर्षी गाडं अडतं.

टॅक्सीवाला अब्दिरिझाक म्हणाला, ही तर पळवाट झाली.
मी म्हटलं, आमच्याकडे म्हणतात,
आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं.
मिशाच नाहीत, तेव्हा पुढे काहीही म्हणा,
खोटं ठरायची सोय नाही.
सगळे माझ्या ओठांकडे बघू लागले.
मी तीन भाचरांची आत्या. साठीनंतर
हे उदाहरण पूर्वीइतकं सुरक्षित राहिलेलं नाही.

मग यंत्रांचं सांगितलं. तीस वर्षं मी चिपा तपासल्या,
विमानांच्या, इन्सुलिन पंपांच्या.
'जर' खोटा निघाला तर त्यांना काही वाटत नाही,
पुढच्या सूचनेकडे जातात.
मी शोधायची ती फक्त दुसरी ओळ:
अट पुरी झाली आणि काम झालं नाही.
पगार त्या एका ओळीचा होता.

इशबेल कोपऱ्यात बसते. मासे धुरावतात तिथे कामाला,
स्वेटरला कायम धुराचा वास.
धूर आहे म्हणजे अग्नी आहे, असं आमचे नैयायिक म्हणत;
इशबेल विस्तव विझवून, कुलूप लावून येते.
ती कधी बोलत नाही. आज बोलली.

"मर्डो रिगवर निघताना दारात म्हणाला होता,
परत आलो तर हे स्वयंपाकघर पिवळं झालेलं असेल."
थांबली.
"चार वर्षं ते हिरवंच होतं.
मार्चमध्ये मीच रंगवलं. दोन हात दिले.
छताकडची कड काही नीट जमली नाही.
तर मी आता कुठल्या ओळीत?"

मार्करचं टोपण माझ्या दातांत.
तिसरी, म्हटलं. आधी चौथीत होतीस.
"आणि तो?"
तोही.
"म्हणजे खोटं कुठेच नाही?"
दुसऱ्या ओळीत असतं.
तो आला असता आणि भिंती तशाच हिरव्या राहिल्या असत्या, तर.

हे तोंडातून गेलं आणि मग कळलं
की चार वर्षं, रोज सकाळी, त्या हिरव्या भिंतीसमोर चहा घेताना
ती त्या दुसऱ्या ओळीसाठी
काय वाटेल ते द्यायला तयार होती.

कुणी काही बोललं नाही.
अब्दिरिझाकने बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.
तिने एक घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं,
पेन्सिलचं टोक मोडलं, दुसरी मागून घेतली.

बंदराच्या बाजूने घरी आले.
पुरवठ्याच्या दोन बोटी दिवे लावून उभ्या.
पुढच्या मंगळवारी 'नाही' शिकवायचंय.
माझी जुनी टिपणं आहेत, वर्षानुवर्षं तीच:
'सगळ्या बोटी परत आल्या नाहीत' आणि
'एकही बोट परत आली नाही',
यांतला फरक सांगा.

उदाहरण बदलायला हवं.